पायाची लिम्फेडेमाची सूज अखेर कशी आटोक्यात आली

लिम्फेडेमा म्हणजे लसिका वाहिन्यांतून निचरा न झाल्याने अंगात पाणी साचून येणारी सूज. माझा डावा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजायचा, संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायचा. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत येत नव्हती, ही लिम्फेडेमाची खूण. लघवीच्या गोळ्या, क्रेप बँडेज, रगडून तेलमालिश, कशानेच फरक पडेना. जीव मेटाकुटीला आला होता.

डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) करून शिरेत रक्ताची गुठळी नाही हे डॉक्टरांनी पक्कं केलं, मग फिजिओथेरपिस्टने हा क्रम शिकवला. सकाळी पाय धुवून बोटांच्या बेचक्या सुती पंचाने टिपायच्या. चिखल्या झाल्या की तिथूनच जंतू शिरतात. थोडा वेळ पाय उंच ठेवायचा. मग बोटांना गॉज (जाळीदार पट्टी), पावलापासून वर कापसाची पट्टी, त्यावर शॉर्ट-स्ट्रेच (कमी ताणणारं) बँडेज: घोट्याशी घट्ट, वर जाताना सैल. बांधल्यावर चालायचं. पोटरी फुगते, हे बँडेज फारसं ताणत नाही, त्या दाबाने पाणी वर सरकतं. क्रेप नुसतं ताणत जातं.

घेर उतरून स्थिरावल्यावरच मापाचे स्टॉकिंग (पायावर दाब देणारा घट्ट मोजा) घेतले. रबरी हातमोजे घालून ते नीट चढतात. क्रीम रात्रीच लावते. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी स्टॉकिंगवरूनच पाण्याचा फवारा मारते, काढत नाही.

बोटं निळी किंवा बधिर झाली तर बँडेज लगेच सोडा. पाय लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.