गावाच्या पिण्याच्या पाण्यात होणाऱ्या या चुका टाळा

सोलापूर जिल्ह्याच्या कोरड्या पट्ट्यात पाणी मिळवण्यासाठी गावे जिवाचे रान करतात. मिळालेले पाणी पिण्यायोग्य ठेवण्याकडे मात्र दुर्लक्ष होते, आणि त्याच त्या चुका दर वर्षी नव्याने पाहाव्या लागतात.

सर्वाधिक नुकसान पाणी निर्जंतुक करणाऱ्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरच्या हाताळणीत होते. ताज्या पावडरीत सुमारे 33 टक्के क्लोरीन असतो, परंतु पोते उघडे किंवा दमट जागी राहिल्यास तो उडून जातो. सांगोला तालुक्यातील एका गावात पहिल्या पावसानंतर वस्तीवर जुलाबाची साथ पसरली, तेव्हा ग्रामपंचायतीच्या वहीत टीसीएलच्या रोजच्या नोंदी चोख होत्या. पोत्यातील पावडरीचे गठ्ठे झाले होते आणि तिचा उग्र वासही उरला नव्हता. पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळा रंग दाखवणाऱ्या ओटी चाचणीत टाकीजवळच्या नळाचे पाणी जेमतेम पिवळसर झाले. वस्तीवरच्या शेवटच्या नळाच्या पाण्याला रंगच आला नाही. वाटेतल्या वॉल्व्हच्या खड्ड्यात गटाराचे पाणी साचले होते आणि पुरवठा बंद झाल्यावर रिकामी होणारी पाइपलाइन तेच आत ओढून घेत होती.

म्हणून मी चाचणी नेहमी शेवटच्या घरापासून सुरू करतो. तेथे लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन मिळाला नाही, तर वहीतील नोंदींना काही अर्थ नाही. साधारण 1000 लिटर पाण्याला 5 ग्रॅम चांगली पावडर बादलीत कालवावी, गाळ खाली बसू द्यावा, वरची निवळी टाकीत सोडावी आणि अर्धा तास थांबावे. हा अर्धा तासच नव्या कर्मचाऱ्यांना जड जातो. ते कोरडी पावडर टाकीत ओततात आणि लगेच वॉल्व्ह उघडतात. ही घाई मला अक्षम्य वाटते.

टीडीएस मीटर केवळ विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, जंतू दाखवत नाही. पाणी उकळल्याने जंतू मरतात; नायट्रेट आणि फ्लोराइड तसेच राहतात.

विहीर आटताच नवा बोअर घेण्याची घाईही अशीच महागात पडते. आपल्याकडे काळ्या पाषाणात पाणी मुख्यतः मुरमात आणि भेगांत असते, त्यामुळे केवळ खोल गेल्याने ते लागेलच असे नाही. जुन्या बोअरचे पुनर्भरण करणे, म्हणजे पावसाचे पाणी त्यात जिरवणे, मला अधिक शहाणपणाचे वाटते. मात्र छताचे पाणी थेट केसिंगमध्ये, म्हणजे बोअरच्या तोंडाच्या पाइपमध्ये, सोडू नये. पहिल्या पावसाचे पाणी वाहून जाऊ द्यावे आणि नंतरचे खडी-वाळूच्या गाळणखड्ड्यातून जिरवावे. वरची वाळू दर उन्हाळ्यात धुवावी लागते.