चौकोन विस्कटायचे कसे, सावरायचे कसे

कोड लिहून चित्रं काढायला लागलो तेव्हा पहिला महिना मी फुकट घालवला. डोक्यात आकाशगंगा, धूर, पाण्यावरचे तरंग असं बरंच काही होतं. पडद्यावर मात्र एक गोल, तोही डावीकडून उजवीकडे सरकणारा. शेवटी स्वतःची कल्पना बाजूला ठेवून एक जुनं चित्र जसंच्या तसं काढायला घेतलं. गेऑर्ग नेस या जर्मन कलाकाराने १९६८च्या सुमारास संगणकाकडून काढून घेतलेलं 'शोटर'. शोटर म्हणजे खडी. एका ओळीत १२ चौकोन, अशा २२ ओळी. वर सगळे शिस्तीत, आणि खाली उतरावं तसे तिरपे होत, सरकत, शेवटी खडीसारखे सांडलेले. तेच तुम्हीही आधी काढा. त्याचाच पुढे खेळ करू.

हत्यार म्हणून पी-फाइव्ह घ्या. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१मध्ये सुरू केलेल्या, कोडने चित्रं काढायच्या 'प्रोसेसिंग' या साधनाचा हा जावास्क्रिप्ट या ब्राउझरच्या भाषेतला अवतार. लॉरेन मॅकार्थीने तो सुरू केला. त्याचा एडिटर ब्राउझरमध्येच उघडतो, काही बसवावं लागत नाही. दोन फंक्शनं असतात: 'सेटअप' एकदाच चालतं, 'ड्रॉ' सेकंदाला साधारण ६० वेळा. ड्रॉची एक खेप म्हणजे एक फ्रेम.

चौकोनाची बाजू ३० पिक्सेल धरा, चारी बाजूंना ४० पिक्सेल मोकळी जागा. म्हणजे कॅनव्हास, आपला चित्राचा कागद, ४४० रुंद, ७४० उंच. एकात एक दोन लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या फेऱ्या) लावून २६४ चौकोन काढा. चौकोन आतून पोकळ ठेवणारं 'नोफिल' लिहायला विसरू नका, नाहीतर खालच्या गर्दीत चौकोन एकमेकांना झाकतात आणि रेषांची जाळी दिसतच नाही.

आता फिरवणं. इथे बहुतेक जण अडखळतात, मी तर दोन संध्याकाळी अडकलो होतो. 'रोटेट' चौकोनाला फिरवत नाही, अख्खा कागद फिरवतं, आणि तेही कोपऱ्यातल्या शून्याभोवती. म्हणून आधी 'ट्रान्सलेट'ने शून्य उचलून चौकोनाच्या मध्यावर न्यायचं, मग फिरवायचं, मग शून्यावरच चौकोन काढायचा, 'रेक्टमोड' सेंटर ठेवून, म्हणजे दिलेला बिंदू चौकोनाचा मध्य धरला जातो. या सगळ्याच्या आधी 'पुश', म्हणजे कागदाची स्थिती जपून ठेवणं, नंतर 'पॉप', म्हणजे ती परत आणणं. पॉप राहिलं की आधीचं फिरणं पुढच्याच्या अंगावर चढत जातं आणि पाच-सहा चौकोनांनंतर बाकीचे कॅनव्हासबाहेर पसार. कोन अंशांत नाही, रेडियनमध्ये असतो (पूर्ण फेरा साधारण ६.२८) हेही लक्षात ठेवा. मी भाबडेपणाने ४५ लिहिलं होतं.

बिघाड किती, हे ओळ ठरवते. शून्यापासून मोजलेला ओळीचा क्रमांक भागिले २१ केलं की वर ०, तळाला १ येतो. या आकड्याला मी 'त' म्हणतो. उणे त ते अधिक त यांच्यातला एक रँडम आकडा घेऊन त्याला ०.८ने गुणलं की फिरण्याचा कोन मिळतो. तळाशी साधारण ४५ अंशांपर्यंत. तसाच नवा रँडम घेऊन १५ने गुणा, तो आडवा सरक. आणखी एक, उभा सरक.

चालवून बघा. सगळ्यात वरची ओळ सोडून सगळे चौकोन थंडी वाजल्यासारखे थरथरतील, कारण ड्रॉ दर वेळी नवे आकडे काढतं. ड्रॉच्या पहिल्याच ओळीत 'रँडमसीड' द्या, म्हणजे रँडम आकडे ज्यातून उगवतात तो एक आकडा, त्यांचं बी. बी तेच तर आकडे तेच. क्लिक केल्यावर बी बदलेल असं करा, आणि चित्र साठवताना फाइलच्या नावात बीचा आकडा घाला. मला एकदा एक फार देखणी सांडण मिळाली होती, तळाच्या एका कोपऱ्यात तीनच चौकोन सरळ उरलेले. बी टिपून ठेवलं नव्हतं. अजून शोधतोय.

खरी मजा 'त'मध्ये आहे, आणि इथे वेळ काढा. आहे तसा ठेवला तर गडबड पाचव्या-सहाव्या ओळीतच डोळ्यांत भरते. त्याचा वर्ग करून बघा: मधली ओळ अर्ध्यावरून पावावर येते, वरचा भाग बराच वेळ शांत राहतो आणि शेवटच्या काही ओळींत सगळं कोसळतं. घन केला तर अपघातच वाटतो. एका आकड्याने चित्राचा स्वभाव बदलतो. मी वर्गावर थांबलो. तुम्ही रंग बदलायच्या आधी हा आकडा बदलून बघा. रंगात लपायला फार सोपं असतं.

आता खेळ. कल्पना एवढीच: चौकोन आपोआप विस्कटत जातात आणि खेळणारा माउस फिरवून त्यांना सावरतो. यासाठी ओळीवरून येणारा 'त' सोडून द्या. सेटअपमध्ये एक यादी करा आणि प्रत्येक चौकोनाला स्वतःची फिरायची दिशा, सरकायची दिशा, शून्यापासून सुरू होणारा बिघाड आणि बिघडण्याचा वेग देऊन टाका. वेग सेकंदाला ०.०२ ते ०.०८. म्हणजे काही चौकोन बारा-तेरा सेकंदांत पूर्ण वाया जातात, काही पन्नास सेकंद तग धरतात. सगळ्यांना एकच वेग दिला होता तेव्हा खेळ फरशी पुसल्यासारखा वाटत होता. ड्रॉमध्ये बिघाड वाढवा, १च्या वर जाऊ देऊ नका, आणि काढताना त्याचा वर्ग वापरा. माउसपासून ६० पिक्सेलच्या आतल्या चौकोनांचा बिघाड 'लर्प'ने (दोन आकड्यांमधला ठरावीक हिस्सा काढणारं फंक्शन) शून्याकडे ओढा, दर फ्रेमला दहावा हिस्सा. एकदम शून्य करू नका. चौकोन हळूच जागेवर बसतो तेव्हा जे बरं वाटतं, त्यासाठीच लोक परत खेळतात. सरासरी बिघाड ०.५च्या वर गेला की डाव संपला, 'हरलास' अशी पाटी.

बिघाड वाढवताना 'डेल्टाटाइम' (आधीच्या फ्रेमपासून गेलेले मिलिसेकंद) भागिले १००० ने गुणा, म्हणजे मंद संगणकावरही बिघाड त्याच वेगाने वाढेल. पण तो आकडा ५० मिलिसेकंदांवर अडवा. ब्राउझर मागच्या टॅबमधलं चित्र थांबवून ठेवतो. मी मिनिटभर दुसरीकडे जाऊन आलो तर परतल्यावर एकाच फ्रेममध्ये अख्ख्या मिनिटाचा बिघाड झाला आणि मी हरलेलो.

दुसरी खोड भाच्याने दाखवली. त्याने माउस मध्यावर ठेवला आणि हात मागे घेतला. तेवढे चौकोन कायमचे सरळ! माउसची आधीच्या फ्रेममधली जागा 'पीमाउसएक्स' आणि 'पीमाउसवाय'मध्ये असते. माउस खरंच हलला असेल तरच सावरू द्या. मोबाइलवर बोट उचलल्यावर हीच अडचण येते, तीही यानेच सुटते. तिथे बोटाबरोबर पान सरकू नये म्हणून कॅनव्हासच्या स्टाइलमध्ये 'टच-अ‍ॅक्शन' बंद ठेवा. आवाज घालणार असाल तर पहिल्या क्लिकनंतरच सुरू करा, त्याआधी ब्राउझर वाजू देत नाही.

लोकांना खेळायला द्यायचा तर इच-डॉट-आयओ या खेळांच्या संकेतस्थळावर झिप चढवा. 'इंडेक्स' फाइल झिपच्या अगदी वरच्या पातळीवर हवी, फोल्डरच्या पोटात नको, आणि फाइल ब्राउझरमध्ये खेळायची आहे या चौकटीवर खूण करा. फाइलींची नावं लहान अक्षरांतच ठेवा; स्वतःच्या संगणकावर चालणारं चित्र सर्व्हरवर एका मोठ्या अक्षरापायी गायब होतं.

खोड काढून टाकलेला खेळ भाच्याने पुन्हा घेतला. दोन डाव खेळला, तिसऱ्यात त्याने माउस सोडून दिला आणि सगळं विस्कटताना नुसता बघत बसला. मग म्हणाला, "मामा, मध्येच हरलास म्हणून का येतं? पुढचं बघायचं होतं." ती पाटी मी काढून टाकली. आता डाव संपत नाही. क्लिक केलं की चौकोन पुन्हा ओळीत.