डॉल्फिन मोजायचे तर आधी बोडीतल्या (तळ्यातल्या) म्हशी ओळखा

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, समुद्राशी काही लेनदेन नाही, तरी मागच्या हिवाळ्यात सिंधुदुर्गात एका डॉल्फिन सर्वेला बोटीत बसून आलो अन् तेव्हापासून पारावर एकच प्रश्न, का रे भाऊ, पाण्यातला मासा मोजता कसा? पहिले तर तो मासा नाही, श्वास घ्यायला वर यावंच लागते त्याले, अन् आपलं काम तिथंच होते.

वर आला की पाठीवरचं फिन, म्हणजे पर, दिसते, त्याची मागची कड बघायची. जाळं लागून, आपसात चावून तिथं खाचा पडतात अन् त्या वर्षानुवर्षं राहतात. ढोरं चारणारा नाही का फाटक्या कानावरून सांगत, ही अमक्याची गाय, तसंच. ताडोबात वाघाचे पट्टे दोन्ही बाजूंनी वेगळे म्हणून समोरासमोर दोन कॅमेरे लावतात, इथं खाच दोन्हीकडून तीच दिसते, फक्त उलटी. ओरखडे अन् डाग मात्र एका बाजूचे दुसऱ्या बाजूला नसतात, म्हणून जमलं तर डावा-उजवा दोन्ही फोटो घ्या.

कॅमेऱ्याला लांबची लेन्स पाहिजे, ४०० एमएमपर्यंत असली तर बेस्ट, शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून फास्ट, अन् बर्स्ट मोड (एका दाबात पटापट बरेच फोटो) चालू. मोबाईलनं होत नाही, उगा हट्ट नका करू. जायच्या आधी मी आठ दिवस बोडीवर बसून डुंबणाऱ्या म्हशींची डोकी टिपायची प्रॅक्टिस केली, लोक हसले, पण बोटीत हात बसलेला होता.

पावसाळ्यात जाऊ नका, बाकी दिवसांत सकाळी समुद्र शांत असतानाच निघा. डॉल्फिन दिसले की बोट हळू, त्यांच्या बाजूबाजूनं, समोरून आडवी घालायची नाही, सूर्य आपल्या पाठीशी. पिल्लू असलं तर आणखी लांब. आपल्याकडे डॉल्फिनला वाघासारखंच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल वनचं, म्हणजे पहिल्या यादीचं, संरक्षण आहे, हे बोटवाल्यालेही सांगून ठेवा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फक्त खाचवाले, फोटोजेनिक फिन टिपणं. दिसेल त्या प्रत्येकाचा फोटो घ्या, नाहीतर पुढचा हिशोबच झोपतो. एक कळप संपला की आकाशाचा एक फोटो मारा, म्हणजे घरी कळते पुढचा कळप कुठून सुरू झाला. अन् कॅमेऱ्याचं घड्याळ जीपीएसशी जुळवा. माझं वीस मिनिटं मागं होतं, अख्खी रात्र त्यातच गेली.

घरी आल्यावर आधी धूसर, तिरपे फोटो काढून टाका, ओळखीचं फिन असलं तरी. उरलेले जुन्या कॅटलॉगशी, म्हणजे आधी ओळखलेल्या फिनांच्या फोटोंशी, जुळवा, अन् जुळलं वाटलं की दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या, आपल्या डोळ्याले जे पाहिजे तेच दिसते.

मंग हिशोब. समजा पहिल्या फेरीत २० खाचवाले ओळखले, दुसऱ्या फेरीत २४, त्यातले १२ पहिलेच ओळखलेले. २० गुणिले २४ भागिले १२, म्हणजे ४०. हे झाले फक्त खाचवाले. चांगल्या फोटोंमधल्या दर १० डॉल्फिनांत ८ खाचवाले असतील तर ४० भागिले ०.८, एकूण अंदाज ५०. दोन फेऱ्यांच्या मधात कोणी आलं-गेलं, मेलं-जन्मलं तर हे गणित चुकते, म्हणून फेऱ्या जवळजवळच्या ठेवा.

गावातल्या पोरांले हे बोडीतल्या म्हशींवर करायले लावलं, मालकांले विचारून खरा आकडाही ताडून पाहता येते.