हरभऱ्यातली पाथरी की पिवळा धोत्रा? दूध पाहा अन् मग ठरवा

सध्या हरभऱ्यात अन् गव्हात पिवळ्या फुलांचं तण दिसून राहिलं, अन् जो तो फोटो टाकून विचारतो भाऊ हे काय. नुसत्या फुलाच्या फोटोवरून सांगता येत नाही, एक पान तोडा अन् दूध कोणत्या रंगाचं निघते ते पाहा.

पांढरं दूध निघालं, फूल झेंडू-सूर्यफुलाच्या कुळातलं अन् पाकळ्यांची टोकं कात्रीनं कापल्यासारखी बारीक दातेरी असली, तर पाथरी नाहीतर म्हातारा नावाचं तण. पाथरीची पानं जमिनीला चिकटून गोल पसरतात अन् दांडे आडवे जातात. म्हातारा उभा वाढते, दांडा आतून पोकळ, पानाचा बूड दांड्याला मिठी मारून बसलेला. त्याच्या एका जातीच्या पानाला काटे असतात, तिथंच माणूस फसते. पिवळ्या धोत्र्यालाही काटे, पण त्याचं दूध पिवळं, पानाच्या शिरा पांढऱ्या अन् फुलाला चार ते सहा मोठ्या पातळ पाकळ्या. तो या कुळातला नाहीच, अन् विषारी आहे. पाथरीची भाजी आपल्याकडं आवडीनं खातात, म्हणून खुडताना लहान पोरांवर सोपवू नका. मोहरी लावली असेल तर कापणीआधी पिवळा धोत्रा उपटून बाहेर काढाच, त्याचं काळं बी मोहरीसारखंच दिसते अन् तेलात गेलं की अंगावर सूज येते, 1998 ला दिल्लीत हेच झालं होतं.

एकदांडीला लोक उगाच पाथरी म्हणतात. तिला दूध नाही, पानं खरखरीत केसाळ, फूल मधात पिवळं अन् कडेला पाच-सहा फिक्या पाकळ्या.

आता काढायचं कसं. पाथरीचं मूळ खोल जाते, डवऱ्यानं (कोळप्यानं) वरून कापली की बुडातून पुन्हा फुटते, म्हणून ओलित केल्यावर वाफसा आला, म्हणजे पाणी मुरून माती नुसती ओलसर राहिली, की खुरप्यानं मुळासकट काढा. म्हातारा सहज उपटते, पण फूल मिटून पांढरा कापूस फुटायच्या आत, नाहीतर वाऱ्यानं बी धुऱ्यावरून (बांधावरून) शेजाऱ्याच्या वावरात जाते अन् पुढच्या साली त्याच्याकडून परत तुमच्याकडं. धुरा साफ केल्याशिवाय नुसतं वावर निंदून काही फायदा नाही.

फवारणीचं विचारता म्हणून सांगतो, गव्हात टू-फोर-डी हे तणनाशक मारतात, साधारण तीस-पस्तीस दिवसांच्या पिकात, पण हरभरा, करडई, कपाशी बाजूला असेल तर वारा पाहा. मागं एकदा मी दुपारच्या वाऱ्यात मारलं अन् माझ्याच उभ्या पऱ्हाटीची (कपाशीची) पानं भेंडीवानी झाली, उरलेली बोंडं गेली ती वेगळीच. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, धुतला तरी कपाशीला वापरू नका. हरभऱ्यात तर हे औषध मुळीच नको, तिथं खुरपंच बरं.