प्री-राफेलाइट चित्र कसं पाहावं: आधी ऑफेलियाला झाका

‘चित्रासमोर शांत उभे राहा, भावना आपोआप उमटतील’ असा सल्ला देणाऱ्याला एकदा प्री-राफेलाइट (एकोणिसाव्या शतकातल्या तरुण इंग्रज चित्रकारांचा एक गट) चित्रासमोर अर्धा तास उभं करायला हवं. ही चित्रं काठोकाठ भरलेली असतात. कोपऱ्यातलं पान आणि मधला चेहरा दोन्ही सारखेच लख्ख. नुसतं बघत राहिलं की डोळे दमतात आणि माणूस ‘छान आहे’ म्हणून पुढे सरकतो. दुसरा सल्ला फुलांचे अर्थ पाठ करण्याचा. तो त्याहून वाईट. का ते पुढे येईलच.

१. एकच चित्र निवडा. जॉन एव्हरेट मिलेचं ‘ऑफेलिया’ घ्या. ते लंडनच्या टेट ब्रिटनमध्ये असतं आणि तिथल्या कायमच्या संग्रहाला तिकीट नाही. मात्र हे चित्र अधूनमधून प्रदर्शनांना बाहेर जातं, म्हणून आधी खात्री करून निघा. घरबसल्या बघायचं तर टेटच्या संकेतस्थळावर मोठ्या पडद्यावर उघडा. मूळ चित्र साधारण ७६ बाय ११२ सेंटिमीटरचं आहे, मोबाइलवर त्याचं पोस्टाचं तिकीट होतं.

२. गोष्ट थोडक्यात माहीत करून घ्या. ऑफेलिया ही शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकातली मुलगी. हॅम्लेटच्या हातून तिचे वडील मारले गेल्यावर तिचं भान हरपतं. विलोच्या झाडाची फांदी मोडून ती ओढ्यात पडते आणि गात गात बुडते. नाटकात हे रंगमंचावर घडत नाही, राणी येऊन सांगते. एवढं पुरे.

३. आता ऑफेलियाला हाताने झाका.

गाडी अडते ती इथे. नजर थेट चेहऱ्यावर जाते, ते अर्धवट उघडं तोंड आणि वर वळलेले तळवे बघते आणि तिथेच चिकटते. मग उरलेलं सगळं चित्र नाटकाच्या मागच्या पडद्यासारखं होऊन बसतं. मलाही बरेच दिवस ‘बुडणारी सुंदर मुलगी’ यापलीकडे काही दिसत नसे. वाट सापडली ती चित्र कोणत्या क्रमाने काढलं हे कळल्यावर.

मिले तेव्हा जेमतेम २२ वर्षांचा होता. तीनच वर्षांपूर्वी, १८४८ मध्ये, होल्मन हंट, रोझेटी आणि इतर काहीजणांबरोबर त्याने हा प्री-राफेलाइट गट काढला होता. राफेल या इटालियन चित्रकाराच्या नंतर रुळलेल्या साचेबंद, तपकिरी चित्रकलेला ही पोरं कंटाळली होती. १८५१ च्या जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत मिले सरे परगण्यात ईवेलजवळ हॉग्समिल नदीच्या काठी बसून नुसता काठ रंगवत होता, तोही दिवसाला अकरा अकरा तास. माश्या चावत होत्या, शेतातलं गवत तुडवल्याबद्दल तक्रार झाली ती वेगळीच. ऑफेलियाची जागा कोरी होती आणि ती तशीच घेऊन कॅनव्हास लंडनला परतला. एलिझाबेथ सिडल ही मॉडेल आली ती हिवाळ्यात, गॉवर स्ट्रीटवरच्या घरात, पाण्याने भरलेल्या टबात पडून राहायला. पाणी कोमट राहावं म्हणून टबाखाली दिवे ठेवले होते. एकदा ते विझले. ती काही बोलली नाही आणि आजारी पडली. तिच्या वडिलांनी डॉक्टरच्या खर्चापोटी ५० पौंड मागितले.

तेव्हा मिलेने ज्या क्रमाने काढलं त्याच क्रमाने बघा. बाई दिसता कामा नये. डावीकडची लव्हाळी घ्या: काही ताठ, काही मोडून पाण्यात वाकलेली. त्यांच्या वर विलोचं तिरकं खोड आणि फांदीवर लाल छातीचा रॉबिन. तिथून उजवीकडे जंगली गुलाब, जांभळे तुरे, पाण्याजवळ बारीक निळी फरगेट-मी-नॉट. हिरवा रंग एक नाही. पिवळसर, निळसर, कुजकट असे वेगवेगळे हिरवे शोधा. वेगवेगळ्या ऋतूंतली फुलं शेजारी शेजारी फुललेली दिसतील, कारण चित्रकार पाच महिने तिथून हललाच नाही. रंग आतून उजळल्यासारखे वाटतात, कारण खाली तपकिरी अस्तराऐवजी पांढरं आहे.

काठ पुरता ओळखीचा झाला की मगच हात काढा. आणि तरीही चेहऱ्याकडे जाऊ नका! फुगलेला झगा आणि काळपट पाणी जिथे भेटतात तो सांधा बघा. जुन्या, चंदेरी भरतकामाच्या त्या झग्यासाठी मिलेने चार पौंड मोजले होते. भरतकाम पाण्याखाली जाताना कसं मळकट होतं आणि पुन्हा वर कसं चमकतं ते पाहा. एका बाजूला उन्हाळ्यातली नदी, दुसऱ्या बाजूला हिवाळ्यातला टब. हा सांधा दिसला की चेहरा आपोआप वेगळा दिसायला लागतो. इतका वेळ काठावर सगळं जोमाने वाढताना पाहिलेलं असतं आणि मध्येच ही.

४. फुलांचे अर्थ शेवटी. खसखशीचं लाल फूल म्हणजे मृत्यू, गळ्यातली व्हायोलेटची माळ म्हणजे निष्ठा, डेझी म्हणजे निरागसपणा. आधी यादी हातात घेतली की माणूस चित्र बघत नाही, हजेरी घेतो.

जाता जाता एक गंमत. मिलेने पाण्यात एक उंदरासारखा पाणप्राणीही काढला होता. पाहुण्यांनी त्याला ससा, कुत्रा, मांजर अशी नावं दिल्यावर त्याने तो पुसून टाकला.

५. पुढचं चित्र. हंटचं ‘द हायरलिंग शेफर्ड’, मँचेस्टर आर्ट गॅलरीत. तेही १८५१ मध्ये ईवेललाच सुरू झालं. हीच रीत तिथे चालते, फक्त मेंढपाळ आणि मुलगी दोघांना झाकावं लागतं. नंतरच्या पिढीतला बर्न-जोन्स मात्र सावकाश घ्या. तो आपल्या जे. जे. स्कूलमध्ये १८६५ पासून शिकवणाऱ्या जॉन लॉकवुड किपलिंगचा साडू. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची कोरीव शिल्पं किपलिंगची आहेत. त्या बाजूला गेलात तर मान वर करून बघा.

रोझेटीच्या मोकळ्या केसांच्या, भरल्या ओठांच्या बायकांना ही रीत लागू पडत नाही. त्या सगळा कॅनव्हास व्यापून बसतात, झाकायला हात पुरत नाही. तिथे चेहऱ्यापासूनच सुरुवात करा.