दख्खनी लोकरीची हातकताई आणि करडई-पळसाचे रंग

मराठवाड्यात हातकताईसाठी लोकर मिळवायला फार दूर जावे लागत नाही. सुगीनंतर धनगरांचे कळप खतासाठी शेतात बसवले जातात आणि कातरणीच्या दिवसांत त्यांच्याकडे दख्खनी मेंढीची लोकर मिळू शकते. ही लोकर आखूड आणि राठ असल्यामुळे अंगालगतच्या कपड्याला योग्य नाही. घोंगडी, आसन किंवा पिशवी यांसाठी मात्र तिचा चिवटपणा फार उपयोगी पडतो. दख्खनी मेंढ्यांत काळा आणि करडा रंग पुष्कळ आढळतो. तेव्हा रंगासाठी पांढरी लोकर निवडून वेगळी ठेवावी आणि काळी तशीच कातावी. तिचा मूळ रंग इतका देखणा असतो की त्यावर दुसरा रंग चढवणे मला पटत नाही.

लोकर झटकून गोखरू, कुसळे आणि लेंड्या काढाव्यात, मग ती कोमट रिठ्याच्या पाण्यात अर्धा तास नुसती बुडवून ठेवावी. चोळू नये. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाण्यात घासल्यास किंवा गरमातून एकदम गार पाण्यात टाकल्यास ते एकमेकांत अडकून लोकरीचा घट्ट गोळा होतो आणि तो पुन्हा सुटत नाही. धुण्याचा सोडाही टाळावा, कारण लोकर प्रथिनाची बनलेली असल्याने सोड्याने तंतू कमजोर होतात. सावलीत वाळल्यावर लोकर हाताने मोकळी करून पिंजावी आणि तिचे सैल पेळू, म्हणजे कातण्यासाठीच्या लांबट गुंडाळ्या, वळाव्यात.

शिकणाऱ्याने चरख्यापेक्षा टकळीपासून, म्हणजे हाताने फिरवायच्या चातीपासून, सुरुवात करावी, कारण तिच्यावर पीळ डोळ्यांसमोर चढताना दिसतो. टकळीला आधी कातलेला एक दोरा बांधून त्याच्या टोकावर पेळूचे थोडे तंतू पसरावेत, टकळी उजवीकडे फिरवावी आणि पीळ वर चढू लागला की दुसऱ्या हाताने तंतू ओढत जावे. एका वेळी तंतूच्या लांबीपेक्षा कमीच ओढावे. अधिक ओढल्यास सूत तिथेच तुटते. दख्खनी लोकर आखूड असल्याने तिला पीळ जास्त लागतो. कातलेला थोडा भाग सैल सोडून पाहावा: तो स्वतःभोवती वळला तर पीळ पुरेसा आहे. मग दोन सुते एकत्र घेऊन उलट दिशेने, म्हणजे डावीकडे, पीळ द्यावा. सुताची लड करून ती चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधावी. आवळून बांधल्यास त्या जागी रंग पोहोचत नाही.

रंग किती टिकेल हे वनस्पतीइतकेच रंग तंतूला धरून ठेवणाऱ्या तुरटीवर अवलंबून असते, म्हणून या पायरीत घाई करू नये. 100 ग्रॅम कोरड्या सुताला 10 ते 12 ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून, सूत सहज तरंगेल इतक्या पाण्यात मिसळावी. त्यात ओली लड सोडून पाणी हळूहळू सुमारे 80 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे, उकळी न येऊ देता तासभर ठेवावे आणि लड त्याच पाण्यात गार होऊ द्यावी. भांडे स्टीलचे असावे, कारण लोखंडी कढईत पिवळा रंग मळकट होतो. बोअरचे पाणी जड असल्याने रंगाची छटा बदलते. साठवलेले पावसाचे पाणी असेल तर तेच वापरावे.

मराठवाड्याची हक्काची रंगवनस्पती म्हणजे करडई. फुले सुकू लागल्यावर पहाटे, दवाने काटे मऊ असताना पाकळ्या वेचाव्यात. त्यांत पाण्यात विरघळणारा पिवळा आणि पाण्यात न उतरणारा लाल असे दोन रंग असतात. लाल रंग काढण्यासाठी क्षारयुक्त पाणी लागते आणि ते लोकरीला मानवत नाही, त्यामुळे लोकरीसाठी पिवळाच घ्यावा. तो सुंदर असला तरी उन्हात फिका पडतो. पळसाची फुले होळीच्या सुमारास वेचून वाळवावीत. सुताइतक्याच वजनाची सुकी फुले रात्रभर भिजवून तासभर मंद आचेवर ठेवली की पिवळा ते नारिंगी काढा मिळतो. डाळिंबाच्या सालीचा पिवळा मात्र याहून भरवशाचा, कारण सालीत टॅनिन, म्हणजे रंग पक्का करणारे तुरट द्रव्य, भरपूर असते. शेवटी सालीच्या त्याच काढ्यात 100 ग्रॅम सुतामागे 2 ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार) विरघळवल्यास करडी छटा येते. याहून अधिक हिराकस लोकरीला ठिसूळ करतो.

काढा गाळून, तुरटी लावलेली ओली लड त्यात तासभर तुरटीच्याच तापमानाला ठेवावी, गार झाल्यावर पाणी रंगहीन होईपर्यंत धुवावी आणि सावलीत वाळवावी. मोठे काम हाती घेण्यापूर्वी प्रत्येक रंगाचा एक धागा पुठ्ठ्यावर गुंडाळून त्याचा अर्धा भाग जाड कागदाने झाकावा आणि दोन आठवडे उन्हात ठेवावा. दोन भागांत ठळक फरक दिसला, तर ते सूत उन्हात वापरायच्या घोंगडीऐवजी घरातल्या आसनासाठी ठेवावे.