संचालकाच्या खुर्चीकडे जायचंय? आधी स्टोअरमध्ये चला

‘मॅडम, कलासंग्रहालयाचं संचालक व्हायचं तर काय शिकू?’ असं विचारणारी मुलं अजूनही माझ्याकडे येतात. पदवी लागतेच. कलेतिहास, पुरातत्त्व, नाहीतर संग्रहालयशास्त्र. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ पासून आहे, मी तिथेच शिकले. पण पदवीचं कौतुक मुलाखतीपुरतं. खरं शिक्षण पहिल्या नोकरीत होतं, आणि ती शक्यतो छोट्या संग्रहालयात धरा. तिथे स्टोअरच्या, म्हणजे मांडणीत नसलेल्या वस्तूंच्या कोठाराच्या, किल्ल्यांपासून शाळेच्या सहलींपर्यंत सगळंच अंगावर पडतं.

रुजू झालात की आधी नोंदवही मागून घ्या. एक नोंद वाचायची, ती वस्तू कपाटातून शोधायची, क्रमांक ताडून पाहायचा, वेगळ्या यादीत पेन्सिलीने खूण करायची. महिनोन्‌महिने जातील, जाऊ द्या.

मी हे इतकं का सांगते? माझ्या उमेदवारीत एका पावसाळ्यात स्टोअरचं छत गळलं. फळीवरच्या पितळी दिव्यांच्या कागदी चिठ्ठ्या भिजून गळून पडल्या. दिवे शाबूत होते. पण कुठला दिवा कुठल्या गावचा, कोणी दिलेला, काही कळेना. नोंदवहीत नुसतं ‘दिवा, पितळी, नग १’. मी एकेक दिवा हातात घेऊन रडले आहे. तेव्हापासून उंची, वजन, कुठे पोचा, कुठे डाग, सगळं लिहिते, फोटो काढते. क्रमांक चिठ्ठीवर नाही, वस्तूवरच घालते. मागच्या बाजूला पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक अ‍ॅक्रिलिक रेझिनचा पातळ थर द्यायचा, तो वाळला की बारीक आकडे लिहायचे, वर पुन्हा थर. पाण्याने जात नाही आणि लागलंच तर अ‍ॅसिटोनने काढता येतो. कागदावरच्या चित्राला मात्र हे नाही, तिथे पाठीमागे मऊ पेन्सिल.

प्रकाशाचे आकडे पाठ हवेत. लक्स हे प्रकाश मोजायचं एकक. लघुचित्रं आणि कापडाला ५० लक्स, तैलचित्रांना २००. उद्घाटनाला कॅमेरेवाले झगझगीत दिवे मागतात, पाहुणेही आग्रह धरतात. नाही म्हणायचं काम संचालकाचंच. १९७२चा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा मुळातून वाचा. राजा रविवर्मांचं चित्र केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय देशाबाहेर का नेता येत नाही, ते त्यातून कळेल.

सुट्टीच्या दिवशी दुसऱ्यांची संग्रहालयं पाहा. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या डोंगरावरचं श्री भवानी संग्रहालय तर पाहाच. रविवर्मा आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर एका छताखाली, तेही एकेकाळच्या छोट्या संस्थानात! दालनातल्या रखवालदारांशी बोला. लोक कुठे थांबतात, कुठे कंटाळतात, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

संचालकपदाच्या मुलाखतीआधी त्या संग्रहालयात तिकीट काढून दोनदा जा. एकदा भर पावसात. बादल्या कुठे कुठे ठेवल्यात, ते बघून या आणि मुलाखतीत पहिला प्रश्न तुम्हीच त्याबद्दल विचारा.